उस्तादांचं काळं तेल

अमरावतीत मी जनावरांचा दवाखाना टाकला तेव्हा पहिले चार महिने माझ्याकडे खरजेचं एकही कुत्रं आलं नाही. पाय मोडलेली आली, उलट्या करणारी आली, कान सुजलेली आली, खरूज नाही. शिकत असताना आम्हाला सांगायचे की कुत्र्यांचे डॉक्टर झालात की अर्धा दिवस कातडीतच जाईल. मग माझ्या वाट्याची कातडी गेली कुठं? शेवटी शेजारच्या औषधाच्या दुकानदाराला विचारलं, तर तो हसायलाच लागला.

"मॅडम, खरूज झाली की लोकं उस्तादकडे नेतात. तुमच्याकडे काहून आणतीन?"

उस्तादांचं आडनाव इंगळे. अकोला रस्त्याला गाव संपतं तिथं त्यांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. चार लोखंडी खांब, वर पत्रे, मागच्या भिंतीवर पान्ह्यांची रांग आणि त्या रांगेच्या वर बाबासाहेबांचा फोटो. फोटोची काच मात्र लख्ख. एवढ्या काळ्या जागेत तेवढीच एक वस्तू काळी झालेली नव्हती.

मी गेले तेव्हा एका ट्रकखालून फक्त दोन पाय दिसत होते.

"उस्ताद आहेत का?"

"हायेत. बसा बाई खाटेवर. पाच मिनिटात निंगतो."

बाहेर आलेला माणूस साठीकडे झुकलेला, किडकिडीत, आणि त्या अंगाला न शोभणारे हात. रुंद पंजे, बोटांच्या सांध्यांवर भेगा, भेगांत चाळीस वर्षांचं ग्रीस. मी कोण ते सांगितलं. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "म्हंजे आपलं एकच खातं की!" त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच आनंद झाला होता.

तेवढ्यात एक ट्रकवाला दोरी बांधलेलं कुत्रं घेऊन आला. कानांच्या कडांवर खपल्या, कोपरं सोललेली, पाठीवर केस नाहीत, सगळं अंग राखाडी. आणणाऱ्यानंही दोरी लांबूनच धरली होती. उस्तादांनी कोपऱ्यातल्या पिंपाचं झाकण काढलं. आत गाड्यांतून काढलेलं जळकं ऑइल, त्यात कुटलेला गंधक आणि कापूर. चिंधी बुडवून ते त्या कुत्र्याशेजारी खाली बसले, आधी नुसता हात ठेवला, आणि बोलायला लागले.

"या राजे. लय खाजवून राहिले ना? कोणं बसू देल्लं नसन जवळ. बसा इथं."

कुत्रं चावलं. अंगठ्याच्या बुडाशी रक्त आलं. मी उठले, तर त्यांनी दुसऱ्या हातानं मला थांबवलं. "दुखून राहिलं थे त्याले, बाई. मले नाही." आणि तेल लावणं चालूच ठेवलं. कानामागं, बोटांच्या बेचक्यात, पोटाखाली. एखादी जागा सुटू नये म्हणून दोनदा पाहिलं. काम झाल्यावर म्हणाले, "याचं नाव क्लच." त्यांच्याकडे आलेल्या प्रत्येक कुत्र्याला ते गाडीच्या भागाचं नाव देत, आणि ते नाव, त्याचा मालक, त्याचं गाव आणि अंगावरची खूण, सगळं त्यांच्या डोक्यात राही.

मी विचारलं, तुम्हाला किळस नाही येत?

"लोकं ज्याले हात लावत नाही, त्याले आपण लावाव. माह्या बापानं मले एवढंच शिकवलं."

याच्यापुढे मी काय बोलणार होते? तरी बोलायला हवं होतं. जळकं ऑइल कुत्र्याच्या शरीरात काय करतं, हे मला त्या दिवशीही माहीत होतं. ते कातडीतून आत जातं. कुत्रं अंग चाटतं, मग ते पोटात जातं, चाटता चाटता छातीत उतरतं. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. तेलाचा थर घेऊन कुत्र्यानं उन्हात कसं जगायचं? मी एवढंच म्हणाले, "उस्ताद, याला आता चांगली औषधं आहेत. तेल बरं नाही."

ते हसले. "तुमच्या पुस्तकात असन तसं. पन तेल लावलं का खाजवनं थांबते, हे मी डोयानं पाह्यलं."

खाजवणं थांबतं हे खरं होतं. खरजेचा किडा इतका बारीक की डोळ्यांना दिसत नाही. तो कातडीत बीळ करून राहतो, आणि तेलाच्या थराखाली त्यातले काही गुदमरून मरतात. म्हणूनच हा उपाय इतकी वर्षं टिकला. मी वाद घातला नाही. चहा पिऊन परत आले. पुढे जवळजवळ वर्षभर मी त्या रस्त्यानं जात येत राहिले, हात दाखवत राहिले, आणि गप्प राहिले. मला ते आवडत होते, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण आळस, आणि ते मी लपवणार नाही.

गॅस्केट त्यांच्या गॅरेजातलीच कुत्री. तांबूस, एक कान मोडलेला. इतर कुत्री बरी होऊन निघून जात, असं उस्ताद म्हणत. ही राहिली होती. ट्रकखाली ते आडवे झाले की ती शेजारी आडवी होई. एका उन्हाळ्यात तिला खाज सुटली. कुणाची तरी लागली असणार, कारण खरूज एकाकडून दुसऱ्याला लागतेच. उस्तादांनी स्वतःच्या कुत्रीला जरा जास्तच मायेनं, सलग तीन दिवस तेल लावलं.

चौथ्या दिवशी दुपारी ते तिला दोन्ही हातांवर आडवी घेऊन माझ्या दवाखान्यात आले. अनवाणी होते. चपला गॅरेजातच राहिल्या असाव्यात.

"बाई, गॅस्केटले पाहा हो. खाऊन नाही राहिली. श्वास पाहा कसा घेऊन राहिली."

टेबलावर ठेवली तेव्हाच मला कळलं. हिरड्या पिवळ्या, पाय थरथरणारे, प्रत्येक श्वासाला पोट आत ओढलं जात होतं. छातीला नळी लावली तर आत ओल्या कागदासारखा आवाज. मी सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, ऑक्सिजन दिला. त्या दिवशी सकाळपासून मी उभीच होते, आधीची दोन जनावरं माझ्या हातून गेली होती. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण असं होतं.

"खरूज एवढी वाढली का बाई तिची?" त्यांनी विचारलं. त्यांचा एक हात तिच्या डोक्यावर होता.

"उस्ताद, हिला खरजेनं काही झालेलं नाही. तुमच्या तेलानं झालंय."

"कसं? अंगाले लावलं मी. पाजलं नाही."

"कुत्रं अंग चाटतं. हिनं तीन दिवस तेच चाटलं."

दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यांनी तिच्या पाठीवरचं तेल पुसून पाहिलं.

"मंग बाकीचे? एवढ्यायले लावलं मी."

"बाकीचे कुठं आहेत? एक तरी परत आलेलं पाहिलंत?"

"बरे झाले, म्हून आले नाही."

"मेले, म्हणून आले नाहीत."

हे वाक्य खरं नव्हतं. काही मेली असतील, काही आपोआप वाचली असतील. सगळी मेली हे मला माहीत नव्हतं, कुणालाच माहीत असणं शक्य नव्हतं. पण ते माझ्या तोंडून निघून गेलं. उस्तादांनी गॅस्केटच्या डोक्यावरचा हात काढून घेतला. दोन्ही हात पुढे धरून त्यांच्याकडे पाहिलं, मग मागे, पाठीशी धरले. ती त्यानंतर पाव तासभर जिवंत होती. ते भिंतीला टेकून उभे होते. जाताना त्यांनी तिला पोत्यात घेतलं, आणि दारात थांबून विचारलं, "हात धुवायले कुठं हाये?"

गॅरेजला कुलूप लागलं. दहा दिवसांनी मला फोन आला.

"बाई, मी मोर्शीले हावो. क्लच मेला. तेल लावल्याच्या पाचव्या दिवशी."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. डोक्यात होती तेवढी सगळी कुत्री शोधत ते एसटीनं फिरत होते. मोर्शीत संत्र्याच्या बागेच्या राखणदाराकडे, अचलपुरात एका लाकडाच्या वखारीत, कुठे धाब्यावर, कुठे जिनिंगच्या फाटकाशी. जाऊन विचारायचे: तुमच्याकडे एक कुत्रं होतं, उजवा पाय पांढरा, मी त्याला तेल लावलं होतं, त्याचं पुढं काय झालं? लोकांना आठवत नसे. कोण आठवणीत ठेवतो? एक म्हणाला, गेलं कुठंतरी. एक म्हणाला, गाडीखाली आलं. उस्ताद त्या "गेलं कुठंतरी"ला मेल्यातच धरत. मी फोनवर जीव तोडून सांगे की उस्ताद, तसं नसतं, मी त्या दिवशी जास्त बोलले, परत या. ते म्हणत, "हो हो. उद्या परतवाड्याहून निंगतो."

अकोल्याला मी त्यांच्यासोबत गेले. माझं माहेर जुन्या शहरातलं, मोर्णा नदीच्या पलीकडचं; त्या गल्ल्या मला पाठ होत्या. तिथं सलीमभाई नावाचे एक पंक्चरवाले होते. त्यांच्या कुत्र्याचं नाव उस्तादांनी पिस्टन ठेवलेलं. आम्ही पोचलो तर दुकानासमोर एक काळं, तुकतुकीत कुत्रं झोपलेलं.

"अरे उस्ताद! ये देखो, यही है आपका पिस्टन. एकदम फर्स्ट क्लास!"

माझ्या जिवात जीव आला. उस्ताद खाली बसले, त्या कुत्र्याचा डावा कान हलकेच उलटा केला, त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग कान परत सरळ करून ठेवला.

"चांगला हाये," ते म्हणाले. "चांगला ठेवला तुमी सलीमभाई."

सलीमभाई चहा सांगायला गेले तेव्हा उस्ताद मला हळूच म्हणाले, "पिस्टनच्या कानाले खाच होती, बाई. हा थो नाही. पन त्याईले बोलू नका, मनानं चांगलं करून राहिले." परतताना पुलावर उभे राहून त्यांनी नदीकडे बराच वेळ पाहिलं. ती शेवटची फेरी. त्यानंतर ते शोधायला गेले नाहीत.

पुढच्या सोमवारी मी दवाखाना उघडला तर पायरीवर बसलेले. "शिकवा मले," म्हणाले.

मी शिकवलं. त्यांच्याइतकं नीट शिकणारं माणूस मी पाहिलं नाही. कुत्र्याचं वजन आधी, औषध मग. प्रत्येक खाज म्हणजे खरूज नव्हे. गोचीड असतो, पिसवा असतात, बुरशी असते, म्हणून कातडी खरवडून काचेवर घेऊन पाहायचं. खरूज असली तर गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांवर एकदम उपाय करायचा, नाहीतर ती पुन्हा तिथंच येते. कुत्र्याचं बसायचं पोतं जाळायचं किंवा कडक उन्हात घालायचं. औषधी शाम्पू अंगावर दहा मिनिटं राहिला पाहिजे. उस्ताद घड्याळ समोर ठेवून दहा मिनिटं ते कुत्रं धरून बसत, नऊ नाही. आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्यातून फडकं फिरवत, ओल राहिली की बुरशी येते म्हणून.

इतर गॅरेजांत अजून तेल लावलं जात होतंच. ते तिथं जाऊन तेल लावलेली कुत्री आणत आणि धुवत. आधी गोडंतेल चोळायचं, काळं तेल त्यात सुटतं, मग भांड्याच्या साबणानं धुवून काढायचं, हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मी माहे हात चाळीस वर्षं असेच धुतो, बाई. घरी जाताना, रोज. माह्या हातायले लागते हे मले समजलं, त्यायच्या अंगाले लागते हे नाही समजलं."

काम करताना ते आता बोलत नसत. "या राजे" मी पुन्हा ऐकलं नाही. नवीन कुत्र्यांना नावंही ठेवली नाहीत. माझ्या वहीत मालकाचं नाव लिहून "तांबडा, नर" एवढंच सांगत. दुपारी दवाखाना रिकामा असला की फरशीवर नखांचा आवाज आल्यासारखे एकदम मान वळवत. तिथं काही नसे. पहिल्यांदा मीही वळून पाहिलं होतं. नंतर मी पाहायचं सोडलं. ते पाहत राहिले. एकदा तर उठून दारापर्यंत गेले, दार उघडून बाजूला सरकून उभे राहिले, जसं कुणाला आत यायला वाट द्यावी, आणि मग लावून परत येऊन बसले. 

आणि हात. दिवसातून किती वेळा धुवत त्याला गणती नव्हती. भेगांतलं ग्रीस गेलं, मग कातडी पांढरी पडली, मग फाटली. मनगटापर्यंत लाल चट्टे उठले, खपल्या आल्या. मी त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मलम दिलं आणि साबण बंद करायला सांगितलं. उस्तादांनी ते ऐकलं नाही.

"वास जात नाही, बाई."

मी त्यांचे हात नाकाशी नेऊन वास घेतला. नुसता साबणाचा वास होता. तसं सांगितलं. ते माझ्याकडे दयेनं पाहत म्हणाले, "तुमाले नाही यायचा."

तीन वर्षांनी त्यांची छाती बिघडली आणि मुलगी त्यांना अकोल्याला घेऊन गेली, जुन्या शहरातच, माझ्या माहेरापासून दोन गल्ल्या सोडून. गॅरेजच्या जागी आता टायरचं दुकान आहे.

ते अकोल्याला गेल्यावर काही महिन्यांनी एक ट्रकवाला म्हातारं कुत्रं घेऊन माझ्याकडे आला. दात किडले होते. तपासताना मी सहज विचारलं, याला कधी कातडीचा आजार होता का? "होता ना मॅडम, लहान होता तवा. पुरा टकला झाला होता. इथंच एक उस्ताद होते, त्याईनं तेल लावून देल्लं. ट्रेलर नाव बी त्याईनंच ठेवलं." मी त्या कुत्र्याच्या दाट पाठीत दोन्ही हात घालून उभी राहिले. मग त्याचा फोटो काढला, आणि रविवारची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी अकोल्याला गेले.

उस्ताद ओसरीत खुर्चीवर होते. फारच वाळले होते. हातांना सुती मोजे. मी फोटो पुढे केला आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"ट्रेलर. बडनेऱ्याचा. छातीवर पांढरा टिळा." टिळा फोटोत होता. "केस आले त्याले?"

"दाट. हात घातला तर बोटं दिसत नाहीत."

"बरं झालं," ते म्हणाले. खरंच बरं वाटलं होतं त्यांना. मला वाटलं, आता सुटले. मी जे इतकी वर्षं मनात घेऊन होते ते बोलून टाकलं: "उस्ताद, त्या दिवशी मी खोटं बोलले. सगळे मेले नव्हते. मला तसं म्हणायचा हक्क नव्हता."

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. आत मुलगी भाकरी थापत होती, तो आवाज येत होता.

"बाई, तेलाचं मी मनाले समजावलं. मले म्हाईत नव्हतं, संपलं. किती मेले, किती वाचले, त्याचं बी समजावलं." ते थांबले, श्वास पुरेना. "पन गॅस्केट जित्ती होती ना तवा. ऐकून राहिली होती. आन मी हात काढून घेतला. तिले काय वाटलं असन?"

"माझ्यामुळं काढलात तुम्ही."

"तुमी बोलल्या फक्त. हात माहा होता."

मी फोन पिशवीत ठेवला.  मी थोडा वेळ बसले. मुलीनं जेवून जा म्हटलं, मी आईकडे जायचं निमित्त सांगितलं आणि उठले. त्यानंतर दीड महिन्यानं उस्ताद गेले. मला दोन दिवस उशिरा कळलं.

फोटो दाखवून निघाले त्या दिवशी गल्लीच्या वळणावरून मी मागे पाहिलं. उस्ताद खुर्ची सोडून बाहेरच्या पायरीवर येऊन बसले होते. गल्लीतलं एक कुत्रं, कुणाचंही नसलेलं, समोरच्या नालीवरून उडी मारून आलं, त्यांच्याभोवती फिरलं, आणि त्यांच्या दोन्ही पावलांवर अंग टाकून झोपलं. उस्तादांचे हात मांडीवर होते, ते तिथंच राहिले. आतून मुलीची हाक आली, "बाबा, चला जेवाले." त्यांनी मान वळवून ओठांवर बोट ठेवलं. तिनं पुन्हा हाक मारली, भाकर थंडी होऊन राहिली म्हणाली. ते पाय न हलवता बसून राहिले.